ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी मराठी समाजाला आणि साहित्याला खरंच काही दिलं का?

तुम्ही विचारलंय की मिशनरी धर्मांतरासाठीच आले होते, मग त्यांनी मराठीला काही दिलं असं कसं म्हणायचं? आले धर्मांतरासाठीच, त्यात वाद नाही. तरी दिलं का, याला माझं उत्तर ‘हो’ आहे. आणि ते देताना मला आधी कुणी गोरा पाद्री आठवत नाही, माझी आजी आठवते.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. माझे आजोबा इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदुरात आलं, बाजारात उभं राहून उपदेश करण्यावरून होळकर दरबाराशी त्याचे खटकेही उडाले, आणि १८८७ मध्ये रेव्हरंड जॉन विल्की यांनी हे कॉलेज काढलं. मुलगा तिथे जाणार म्हटल्यावर पणजीने दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणे. शेवटी एका अटीवर परवानगी मिळाली. कॉलेजातून आल्यावर अंगणातच हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच आत पाऊल टाकायचं. आजोबा चार वर्षं ते करत राहिले. बाटले नाहीत. संध्याही शेवटपर्यंत सोडली नाही. पण शेक्सपिअर आणि बायबल दोन्ही त्यांना तोंडपाठ होतं.

त्याच घरात आजी दुपारी शेजारपाजारच्या बायकांना लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायची. लक्ष्मीबाईंचे वडील बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायचे, ते वाचताना बायका पोट धरून हसायच्या, कारण प्रत्येकीच्या घरात तसं कुणीतरी होतंच. आणि लक्ष्मीबाईंचा नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी येते तिथे आजीचा आवाज बसायचा. पुस्तक उलटं मांडीवर ठेवून ती पाणी प्यायची आणि मग पुढे वाचायची. दरवेळी तिथेच. मी सात-आठ वर्षांची होते, तरी ते पालथं ठेवलेलं पुस्तक मला आजही दिसतं.

माझं सगळं म्हणणं त्या पुस्तकात आहे. परदेशी मिशनऱ्यांनी मराठीत ढीगभर पत्रकं छापली. त्यांतलं साहित्य म्हणून आज वाचावं असं जवळजवळ काही नाही. ती ‘मिशनरी मराठी’ जड आणि परकी आहे. खरं देणं आलं ते दोन वाटांनी. एक त्यांनी आणलेली साधनं, म्हणजे छापखाना, शाळा, कोश, व्याकरण. दुसरी, जे मराठी लोक स्वतः ख्रिस्ती झाले आणि तरी मराठीच राहिले, त्यांचं लेखन.

परदेशी माणसांत अपवाद एकच, फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडचा जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! सुरुवात पाहा: ‘वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्व समर्था’. ज्ञानेश्वरीच्या ‘ॐ नमोजी आद्या’ची चाल कानात असल्याशिवाय हे सुचत नाही. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ‘भासांमाजी चोखळा भासा मराठी’ असं मराठीचं कौतुकही त्यानेच केलं. पण ज्या गोव्यात हे लिहिलं गेलं तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. जुनी पुराणं वाचायची बंदी झालेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना वाचायला काहीतरी हवं, म्हणून हे पुराण आलं. त्या ओव्या मला फार आवडतात, पण ही गोष्ट विसरून त्या वाचता येत नाहीत.

छापखान्याचं म्हणाल तर अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी मुद्रणालय घातलं. तिथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापायचा छापखाना, काढला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. घराघरात खुंटीला लटकणाऱ्या छापील पंचांगाची सुरुवात अशी मिशनच्या कारखान्यातून झाली. बंगालमध्ये विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी त्याआधीच मराठीच्या कामाला लागला होता. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये कोश. वैजनाथ पंडित हाताशी नसते तर त्याला हे जमलं नसतं.

समाजाचं बोलायचं तर मला सगळ्यांत मोठी वाटते ती मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो छापला ‘ज्ञानोदया’ने, म्हणजे १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या मिशनच्या पत्राने. त्या काळात दुसरं कोण तो छापणार होतं, सांगा? जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरची मिशनची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये स्वतः शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पाद्र्यांकडून घ्यायचं ते घेतलं आणि आपल्या वाटेने गेले.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या प्रश्नात राग आहे आणि तो निराधार नाही. बाजारात उभं राहून लोकांच्या देवांची टवाळी केली गेली. घरं फुटली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाचा मुलगा मिशनऱ्यांकडून परत आला, तर त्याला पुन्हा जातीत घ्यायला आपलेच लोक तयार नव्हते. बाळशास्त्री जांभेकर त्याच्यासाठी भांडले. म्हणजे दार बाहेरून ढकललं गेलं तेवढंच आतूनही घट्ट लावलेलं होतं. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी गिरगावच्या चौपाटीवर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. गद्यात मुद्दा मांडायची, खोडून काढायची, पुन्हा छापायची सवय मराठीला लागली त्यात या भांडणांचा वाटा मोठा आहे.

त्याच १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. ते स्वतः तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. उपदेश इतका की मध्येमध्ये कंटाळा येतो, पण विधवांचे हाल एकामागून एक समोर येतात तेव्हा पुस्तक खाली ठेववत नाही.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाईंचे पती. राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल दिलं, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग लिहिले! तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते म्हणत. बालकवी काही काळ त्यांच्याच घरी राहिले. टिळकांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं ते शाळेचं तोंडही फारसं न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला अनाथ बायका-मुलींना जवळ करता करता मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोध झाला तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. स्टीफन्सपासून चारशे वर्षं होऊन गेली आणि आपण अजून माणसाचा धर्म विचारतो आहोत.

तुम्हाला स्वतः वाचून ठरवायचं असेल तर इतिहासाच्या जाड ग्रंथांपासून सुरुवात करू नका. आधी ‘स्मृतिचित्रे’ घ्या, जमलं तर घरच्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मग मुक्ता साळवेचा निबंध, तो पाच मिनिटांत वाचून होतो. ‘क्रिस्तपुराण’ शेवटी, आणि तेही चालीवर.