टाळ खणखणीत ऐकू यायला हवेत

जुन्या कॅसेटी घरच्या घरी संगणकावर उतरवून घेण्याबद्दल नाशिककर वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

वडील कीर्तन करायचे. त्यांच्या १९८० च्या दशकातल्या ४० कॅसेटी आहेत. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन जॅकमधून लॅपटॉपला वायर जोडली, पण आवाज फाटतो. (पंचवटी)

लॅपटॉपला बहुधा एकच जॅक असतो आणि त्यातून आत जाणारी वाट माइकसाठी ठेवलेली असते. टेपरेकॉर्डरचा आवाज माइकपेक्षा कितीतरी जोरकस, म्हणून तो फाटतो. 'लाइन-इन' (असा जोरकस आवाज आत घेणारी वाट) असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे टेपरेकॉर्डर आणि लॅपटॉपच्या मध्ये जोडायची डबी, घ्या. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवून वेव्ह फाइल करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे तुमचं सगळं कीर्तन ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावेल. असे दोन करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

पण कळकळीने सांगतो, संगणकाआधी टेपरेकॉर्डरकडे बघा. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो धातूचा छोटा भाग, पुसा. कापूस तपकिरी होईल. तो पांढरा राहीपर्यंत पुसत राहा. मग हेडच्या बाजूचा, स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू शोधा. त्याने हेडचा कल बदलतो. रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राच्या हेडशी तुमच्या हेडचा कल जुळला नाही, की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवा, चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा आणि कान टाळांवर ठेवा. एका जागी टाळ एकदम मोकळे होतात, खणखणतात. तिथेच थांबा. हे दर कॅसेटला करायचं. इथे हरवलेले टाळ मागाहून संगणकावर ट्रेबल वाढवून परत येत नाहीत.

पावसाळ्यानंतर कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसते आहे. (सिडको)

ती बुरशी आहे. कॅसेट लावू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. ती कॅसेट वेगळ्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पूर्ण कोरडी झाली, की तोंडाला मास्क लावून गच्चीत जा आणि टेप हाताने सावकाश फिरवत मऊ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून जाऊ द्या. थर जाड असेल तर जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेटी पुढच्या जूनच्या आत उतरवून घ्या.

गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत मामांनी टेप केलेली दोन भाषणं आहेत. मागची खरखर काढून एमपी३ करू का? (गंगापूर रोड)

आधी जसंच्या तसं उतरवा आणि त्या मूळ फाइलला हात लावू नका. खरखर काढायची ती नकलेवर, आणि तीही थोडीच. जास्त काढलीत तर वक्ता पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मध्येच घंटा वाजते, कुणाचं तरी मूल रडतं, टाळ्या पडतात. ते सगळं राहू द्या, तो घाटच आहे. एमपी३ नातेवाइकांना पाठवायला चांगली, पण तिच्यात आवाजाचा काही भाग कायमचा जातो. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक करा. तिच्यात काही गमावत नाही.

आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालतील? (देवळाली कॅम्प)

मुळीच नाही. त्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. मऊ ब्रशने धूळ काढा. वाजवायला ७८ साठीची जाड सुईच हवी. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घसरत राहते.

आजीच्या आवाजाची एकच कॅसेट आहे आणि ती मध्येच तुटली आहे. (नाशिकरोड)

साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरून पुढचे वेढे चिकटतात. तुटलेली टेप जोडायची खास पट्टी, स्प्लाइसिंग टेप, मिळते, ती टेपच्या मागच्या बाजूने लावा. कॅसेटला स्क्रू असतील तर उघडणं सोपं. चिकटवलेली असेल तर कवच फोडून दोन्ही चकत्या दुसऱ्या, स्क्रूवाल्या कवचात बसवा. पहिल्यांदा लावाल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्या वेळी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. आजीच्या मागे कोण बोलतंय ते त्यांनाच ओळखू येईल. ती नावं तिथल्या तिथे लिहून घ्या.