मुंबईचं वर्सोवा उपनगर कसं आहे? तिथे कोण राहतं?

एका नावात दोन वस्त्या आहेत. 2014 साली मेट्रो आली, पण त्याआधीपासूनच यारी रोडच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत ऑडिशनला धावणारी पोरं दाटीनं राहतात. रस्ता संपतो तिथे वेसावे, म्हणजे मूळ कोळीवाडा. खरं गाव तेच, असं माझं मत. बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले असतात. वास नवख्याला सोसत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला. खाडीपलीकडचं मढ गाव समोरच दिसतं, फेरीबोटीनं काही मिनिटांत पोचता. रस्त्यानं जायचं तर मालाडला वळसा. खोलीचं भाडं मात्र विचारू नका!