वाचकांचे प्रश्न : जुनी शिवणाची हातमशीनं

प्रश्न : आजीचं सिंगरचं हातमशीन बरीच वर्षं पोटमाळ्यावर होतं. चाक जागचं हलत नाही. गंजलं असेल का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : बहुधा गंज नव्हे, वाळलेलं तेल. पूर्वी अनेक घरांत मशीनला खोबरेल घालत. ते २४ अंशांखाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट थर होऊन सांधे धरून ठेवतं. हँडलला हिसका देऊ नका. दाते तुटले तर जुळणारे मिळणं फार कठीण. सुई, कापड दाबणारा पाय आणि शटल (खालच्या दोऱ्याचं बॉबिन ज्यात बसतं ती होडीसारखी डबी) काढा, शटलच्या वाटेत दोऱ्याचा गुंता अडकलाय का पाहा. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि धातू धातूवर घासतो तिथे रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. रंगावर रॉकेल सांडू देऊ नका. सकाळी चाकच हाताने मागे-पुढे हलकं डोलवा. न सुटल्यास तेच पुन्हा करा, घाई नको. सुटलं की रॉकेल पुसून लगेच मशीनचं पातळ तेल घाला, कारण रॉकेल वंगण नव्हे.

चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं झालं तर चाकाच्या मधल्या मोठ्या स्क्रूमागची तीन कानांची चकती बघा. ती काढण्याआधी त्या स्क्रूतला बारीक स्क्रू सोडवावा लागतो. परत बसवताना पकड येत नसेल, तर चकती अर्धा फेरा फिरवून बसवा.

प्रश्न : सोनेरी नक्षी कशाने स्वच्छ करावी? (नेरुळ)

उत्तर : स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही नको. नक्षीवरचा लेप बहुतेक वेळा लाखेचा असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि सोनं कापसावर येतं. पाण्यानेही पांढरे डाग पडतात. मऊ सुती कापडावर मशीनचं तेल घ्या, आधी मागच्या कोपऱ्यात तपासा, न रगडता पुसा. लेप तडकलेला असेल तिथे हातच लावू नका. नवा रंग तर मुळीच देऊ नये. झिजलेली मूळ नक्षी नव्या रंगापेक्षा कितीतरी मोलाची.

प्रश्न : भंगारवाल्याकडे एक मिळतंय. घ्यावं का? (ऐरोली)

उत्तर : आधी शटल आणि लांबट बॉबिन आहे का विचारा. सिंगर २८ या मॉडेलला आजची घरगुती सुई चालते. सारंगीसारख्या तळाच्या सिंगर १२ला मात्र वेगळी जुनी सुई लागते, ती सहज मिळत नाही. सिंगर मशीनवर कोरलेल्या नंबरात सुरुवातीला इंग्रजी अक्षर असेल, तर मशीन १९०० किंवा त्यानंतरचं.