होडीत दुसरी बॅटरी बसवताना

बाळा, खर्च करण्याआधी तुझ्या आऊटबोर्डला (होडीमागे लावायच्या इंजिनाला) चार्जिंग कॉइल, म्हणजे इंजिन चालताना बॅटरी चार्ज करणारी गुंडाळी, आहे का ते बघ. नसेल तर दोन्ही बॅटऱ्या घरी नेऊनच चार्ज कराव्या लागतील.

इंजिनाची बॅटरी फक्त स्टार्टरसाठी. दिवे, फिशफाइंडर, वायरलेस सगळं दुसरीवर, आणि ती सीलबंद डीप सायकलच (बराच वेळ थोडी थोडी वीज देणारी) घे. घरच्या इन्व्हर्टरची उंच बॅटरी होडीत नको, लाटेत अ‍ॅसिड सांडतं.

दोन्हींच्या मध्ये व्हीएसआर बसव, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले. इंजिनाची बॅटरी साधारण १३.३ व्होल्टवर चढली की तो दुसरी जोडतो, १२.८ च्या आसपास उतरली की तोडतो. म्हणजे रात्रभर जाळ्यावर दिवे जळले तरी पहाटे इंजिन उठतं. हाताने फिरवायचा स्विच स्वस्त पडतो, पण तो इंजिन चालू असताना चुकून 'ऑफ'वर गेला तर रेक्टिफायर (इंजिनाची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) जळू शकतो.

आपल्याकडे खरा वैरी खारा वारा. हर्णै असो की मालवण, साध्या तांब्याची वायर सोलून बघ, आत काळी पडलेली आणि टोकाला हिरवी भुकटी. म्हणून कथलाचा मुलामा दिलेलीच वायर घे. वायरच्या टोकाचा लग (धातूची कडी) नीट दाबून क्रिंप कर, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढव, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लाव. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्र जोड.

पाणी उपसायचा पंप मात्र बॅटरीच्या मुख्य स्विचमधून नेऊ नकोस. वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीला जोड, म्हणजे पावसात होडी नांगरलेली असतानाही तो आपोआप चालेल.