गुगलवर प्रत्येक पानाला एकच शीर्षक का दिसतं?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे, पेट्या वेबसाइटवरून विकतो. गुगलवर सगळ्या पानांना 'बागेचं नाव – आपले स्वागत आहे' हेच शीर्षक दिसतं. एका पानाला तर आम्ही न दिलेलंच दिसतं. काय करावं?

उत्तर : शोधनिकालातली ठळक ओळ मुख्यतः पानाच्या कोडमधल्या टायटल टॅगमधून येते. वेबसाइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल आणि तिला एसइओ प्लगइन (पान शोधनिकालात नीट दिसावं म्हणून जोडायचं साधन) असेल, तर प्रत्येक पानाखाली 'एसइओ टायटल'चा रकाना असतो. त्यात साच्यातला मजकूर तसाच राहिला की सगळी पानं एकाच नावाची होतात.

गिऱ्हाइकाला त्या पानावर काय मिळेल ते आधी लिहा, बागेचं नाव शेवटी. दरांच्या पानाला 'देवगड हापूस पेटीचे दर, आकारानुसार', पोहोचवण्याच्या पानाला 'हापूस पुण्या-मुंबईत घरपोच : खर्च आणि दिवस'. 'आपले स्वागत आहे' काढाच. ते कुणी शोधत नाही, आणि मोबाइलवर जागा मुळात कमी.

लांबीसाठी इंग्रजीतला ५०-६० अक्षरांचा ठोकताळा मराठीला लावू नका. गुगल अक्षरं मोजून नव्हे, रुंदीत मावेल तेवढं दाखवून पुढे टिंबं देतं. मोजणारी बरीच साधनं काना, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे धरतात. 'सिंधुदुर्ग' दिसायला चार अक्षरं, त्यांच्या हिशेबी दहा! तेव्हा साधनातली लांबीची पट्टी लाल झाली म्हणून चांगला शब्द कापू नका. महत्त्वाचं पहिल्या चार-पाच शब्दांत आणा आणि मोबाइलवर शोधून पाहा.

न दिलेलं शीर्षक दिसतं, कारण टायटल पानाशी जुळत नाही असं वाटलं की गुगल पानावरचा मोठा मथळा (एच-वन) किंवा इतर मजकूर उचलतं. गेल्या हंगामाचं साल राहून जाणं, 'हापूस, आंबा, हापूस आंबा, आंबा पेटी' अशी शब्दांची रास, मराठी पानाला इंग्रजी शीर्षक ही नेहमीची कारणं. टायटल आणि एच-वन शब्दशः सारखे नसले तरी चालतील, पण दोन्हींतून एकच गोष्ट कळली पाहिजे.

व्हॉट्सॲपवर लिंकसोबत दिसणारं नाव बहुधा 'ओजी टायटल'मधून (लिंक शेअर करताना दिसण्यासाठी कोडमध्ये दिलेलं वेगळं शीर्षक) येतं, तेही तपासा.

बदल झाल्यावर वेबसाइटमालकांसाठीच्या गुगलच्या 'सर्च कन्सोल' या साधनात पानाचा पत्ता तपासून इंडेक्सिंगची (गुगलने पान पुन्हा वाचून नोंदवण्याची) विनंती करा. नवं शीर्षक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, म्हणून हे काम जानेवारीतच उरकून घ्या.