शब्दचर्चा: ‘एंडोफायटिक फंगस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: झाडाच्या आत राहून औषधी रसायनं तयार करणाऱ्या ‘एंडोफायटिक फंगस’ला ‘परजीवी बुरशी’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. परजीवी म्हटलं की बांडगूळ आठवतं, आयतं खाणारं. ‘एंडोफाइट’ हा शब्द स्वभाव सांगत नाही, नुसता पत्ता सांगतो: झाडाच्या आत. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६मध्ये तो वापरला, तोही याच अर्थाने. प्रयोगशाळेतही तपासतात ते एवढंच. सालीचा तुकडा अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने बाहेरून निर्जंतुक करायचा, कापायचा आणि आगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) ठेवायचा. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून बुरशीचे तंतू डोकावतात. उगवलं ते आतलंच, याची खात्री झाली. ते झाडाचं भलं करतं की वाईट, हे त्यातून कळत नाही. म्हणून सरसकट ‘सहजीवी’ म्हणणंही घाईचंच. झाड अशक्त झालं की यातल्याच काही बुरशा रोग होऊन बसतात.

माझं मत ‘अंतर्वासी’ला. पाठ्यपुस्तकात ‘अंतर्वासी कवक’, एरवी ‘अंतर्वासी बुरशी’. आणि क्रियापद जपून वापरा. ‘झाडाला बुरशी लागते’ ती रोगाची. ही झाडात नांदते.

आपल्याकडचं उदाहरण सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं. याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. ते मुळात १९६६मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी (होय, आपले मनसुख वाणी) यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं त्याच्यापासूनच बनतात, त्यामुळे कोकणात नरक्याची चोरटी तोडही झाली. २००५मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्यातली एक अंतर्वासी बुरशी प्रयोगशाळेत वाढवली, तर तीही कॅम्प्टोथेसिन बनवताना दिसली! झाड न तोडता औषध मिळेल, ही आशा तिथून. पण अशा बुरशा देतात ते अगदी थोडं, आणि झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की तेही आटत जातं.

तेव्हा ‘औषधी बुरशी’ हाही शब्द टाळा. वाचणाऱ्याला वाटेल, वाटून चाटायची आहे. ‘नरक्यात नांदणारी एक अंतर्वासी बुरशी कॅम्प्टोथेसिन तयार करते’ असं लिहा. थोडं लांबतं, पण चुकत नाही.