आकडा दिसला की संख्या समजू नकोस
भाऊ, संख्याशास्त्रातला 'चल', म्हणजे दर वेळी बदलू शकणारी नोंद, कोणत्या प्रकारचा ते ओळखताना आधी एवढंच विचार: याची सरासरी काढली तर तिला अर्थ आहे का? जळगावचा पिनकोड ४२५००१, धुळ्याचा ४२४००१. त्यांची सरासरी काय सांगणार? हा आकडा म्हणजे निव्वळ नाव, म्हणून हा चल गुणात्मक, म्हणजे मोजमाप नव्हे, फक्त ओळख सांगणारा.

केळीच्या घडाला फण्या किती, हे एक, दोन, तीन असं मोजतो, ते खंडित. घडाचं वजन अखंडित, म्हणजे मधली कुठलीही किंमत येऊ शकते, मग काट्यावर पुरते १८ किलो दिसले तरी. इथे बरेच जण चुकतात. कापसाची प्रत क्रमवाचक, म्हणजे वरची-खालची कोणती ते कळतं, पण किती फरकाने ते नाही.

तापमानाशी मात्र जरा थांब. भुसावळचे ४४ अंश सेल्सिअस हे २२ च्या दुप्पट उष्ण नव्हेत, कारण सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्यावरून ठरवलेलं आहे. वजनाचं शून्य खरं, म्हणजे वजनच नाही, म्हणून तिथे खुशाल दुप्पट म्हण.